शेल्टरमधल्या कुत्र्यांसोबत वेळ घालवायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हॉलंटिअरिंगबद्दल लोक जे जे विचारतात ते इथे एकत्र टाकलंय. प्रत्येक शेल्टरचे नियम थोडे वेगळे असतात, त्यामुळे इथलं एखादं उत्तर आणि तिथल्या माणसाचं सांगणं जुळलं नाही तर तिथल्या माणसाचंच ऐका, तो त्या कुत्र्यांना रोज बघतो.

नक्की करायचं काय असतं? दिवसभर खेळायला मिळतं का?

मिळतं, पण तेवढंच नसतं. फिरायला नेणं, ब्रश करणं, केनेलमध्ये (कुत्र्याच्या जाळीच्या खोलीत) जाऊन शेजारी बसणं, नव्या कुत्र्याला पट्ट्याची सवय लावणं, फोटो काढणं, आणि शी उचलणं, भांडी घासणं, ओल्या चादरी बदलणं हेही आलंच. स्टाफचा सगळा दिवस साफसफाई, खाणं आणि औषधं यातच संपतो. त्यांना माया नसते असं अजिबात नाही, हात कमी पडतात, आणि मग एखाद्या कुत्र्याजवळ निवांत बसायला कुणाकडे वेळच उरत नाही. नेमकी तीच जागा व्हॉलंटिअरने भरायची असते.

पण नुसतं शेजारी बसून काय होणार?

हे सगळ्यात जास्त विचारलं जातं, त्यामुळे जरा सविस्तर सांगते. शेल्टर कितीही चांगलं असलं तरी कुत्र्यासाठी ते अवघडच असतं. एकाने भुंकायला सुरुवात केली की सगळी लाइन भुंकते, बंद केनेलमध्ये हा आवाज १०० डेसिबलच्या वर गेल्याचं मोजलं गेलंय, आणि कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. त्यात जंतुनाशकाचा वास, रोज नवी माणसं, आणि निवांत झोप अशी नाहीच. ओहायोतल्या राइट स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी १९९० च्या दशकात तपासलं तर शेल्टरमध्ये आल्यावर पहिल्या तीन दिवसांत कुत्र्यांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, घरात राहणाऱ्या कुत्र्यांपेक्षा खूप जास्त निघालं. २०१८ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात ५५ शेल्टर कुत्र्यांजवळ एक अनोळखी माणूस फक्त १५ मिनिटं बसला आणि त्यांना कुरवाळलं, तेवढ्यानेही त्यांच्या हृदयाचे ठोके उतरले आणि वागणं शांत झालं. १५ मिनिटं, आणि तेही अनोळखी माणसाने!

अजून एक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. फ्लोरिडात अलेक्झांड्रा प्रोटोपोपोव्हा आणि क्लाइव्ह विन या संशोधकांनी दत्तक घ्यायला आलेल्या लोकांचं निरीक्षण केलं. लोक कुत्र्याला बाहेर काढून सरासरी ८ मिनिटांच्या आसपास भेटतात आणि त्यावर ठरवतात. कुत्र्याने केलेल्या असंख्य गोष्टींपैकी दोनच गोष्टींचा त्या निर्णयाशी संबंध दिसला: माणसाने खेळायला बोलावल्यावर ते दुर्लक्ष करत नाही ना, आणि ते माणसाजवळ येऊन पडतं का. आता विचार करा, आठवडे आठवडे कुणी शेजारी बसलंच नसेल तर ते कुत्रं अनोळखी माणसाजवळ निवांत आडवं होईल कसं? म्हणून म्हणते, बसणं हे कामच आहे, आणि मोठं काम आहे.

मला काही अनुभव नाही, घरी कधी कुत्रा नव्हता. चालेल का?

चालेल. उलट नवी माणसं सूचना नीट ऐकतात. बहुतेक ठिकाणी आधी ओरिएंटेशन असतं, मग काही दिवस अनुभवी व्हॉलंटिअरसोबत शॅडोइंग, म्हणजे सोबत राहून बघत शिकणं, आणि मग सोप्या स्वभावाची कुत्री तुमच्याकडे येतात. "मला कुत्र्यांचं सगळं कळतं" म्हणत थेट आत शिरणाऱ्या माणसापेक्षा विचारून हात लावणारा माणूस तिथे जास्त आवडतो.

मला थोडी भीती वाटते पण मनापासून यायचंय.

या ना. सुरुवातीला कपडे धुणं, फोटोंचं काम, लिखापढी असं काहीतरी घ्या आणि लांबून बघत राहा. मग जाळीच्या बाहेर बसा. पण भीती वाटते हे कोऑर्डिनेटरला आधीच सांगून ठेवा, लपवू नका, म्हणजे ते तुम्हाला उड्या मारणाऱ्या दांडग्या कुत्र्याच्या केनेलमध्ये पाठवणार नाहीत.

घाबरलेल्या कुत्र्याजवळ जायचं कसं?

जायचं नाही, हेच उत्तर. आत जाऊन बसायचं आणि त्याला येऊ द्यायचं.

एक काळी कुत्री होती, केनेलच्या मागच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून असायची, खाणंसुद्धा माणूस गेल्यावरच. तिच्याकडे कडेने बसायचं, म्हणजे खांदा तिच्या दिशेला, तोंड दुसरीकडे, डोळ्यात बघायचं नाही, हात मांडीवर. कित्येक भेटींत काहीच झालं नाही, फक्त तिचे कान माझ्याकडे वळायचे आणि परत मागे जायचे. मग एकदा ती उठली, मान लांब करून, मागचे पाय जागच्या जागी ठेवून, कधीही मागे पळता यावं अशा बेताने, माझ्या बुटाच्या लेसचा वास घेतला आणि परत कोपऱ्यात गेली. त्या क्षणी हात पुढे करावासा वाटतोच, पण करायचा नाही! हात पुढे केला की तिचा हिशोब चुकतो, तिने वास घ्यायचं ठरवलं होतं, हात लावून घ्यायचं नाही. नंतर ती स्वतःच येऊन मांडीला पाठ लावून बसायला लागली.

काही ट्रीट्स आपल्यापासून लांब, तिच्या बाजूला टाकून ठेवता येतात. पण हातात ट्रीट धरून तिला जवळ बोलावण्याचा हट्ट धरू नका, भूक आणि भीती यांच्यात ती अडकते आणि अंगाजवळ आल्यावर एकदम दचकते.

शेपटी हलवतंय म्हणजे खुश आहे ना?

दर वेळी नाही. शेपटी हलणं म्हणजे कुत्रं आतून ढवळून निघालंय एवढंच नक्की. सगळं अंग सैल, कंबरेपासून लडबड हलतंय, तोंड थोडं उघडं, तर छान. पण अंग ताठ, शेपटी वर आणि तिचं फक्त टोक भराभर हलतंय, तर तिथेच थांबा.

बाकीच्या खुणाही शिकून घ्या: झोप आलेली नसताना जांभई, खायला काही नसताना ओठ चाटणं, मान फिरवणं, डोळ्याचा पांढरा भाग कडेने दिसणं, एक पंजा वर उचलून थबकणं. ही सगळी "जरा लांब राहा" अशी विनंती आहे. आणि कुत्रं एकदम दगडासारखं स्तब्ध झालं तर ती विनंती संपली असं समजा, हात काढून घ्या आणि सावकाश बाजूला व्हा. गुरगुरलं म्हणून कुत्र्याला ओरडायचं नाही, कधीच नाही, गुरगुरणं म्हणजे त्याने सभ्यपणे सांगणं आहे आणि ते सांगणंच आपण बंद केलं तर पुढच्या वेळी ते न सांगता चावेल.

कुरवाळायचं कुठे? मिठी मारली तर?

छाती, मानेची बाजू, हनुवटीखाली, खांद्याजवळ. डोक्यावरून हात आणणं बऱ्याच कुत्र्यांना आवडत नाही. मिठी तर नकोच, आपल्याला ती माया वाटते पण त्याला अडकवून ठेवल्यासारखं होतं. चार-पाच सेकंद कुरवाळा आणि हात काढा. ते नाक खुपसून परत मागत असेल तर चालू ठेवा, नुसतं उभं राहिलं किंवा अंग झटकून बाजूला गेलं तर आज नको म्हणतंय. दर थोड्या वेळाने हे विचारत राहायचं.

त्यांच्याशी काय बोलायचं? मला ऑकवर्ड वाटतं.

काहीही बोला, सूर शांत ठेवा. सुचत नसेल तर पुस्तक न्या आणि हळू आवाजात वाचत बसा. अमेरिकेतल्या मिसूरीत ह्युमेन सोसायटी या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा एक उपक्रम आहे ज्यात मुलं केनेलबाहेर बसून कुत्र्यांना पुस्तकं वाचून दाखवतात. वाचताना आपण आपोआप एका लयीत बोलतो आणि त्यांच्या डोळ्यांत बघत नाही, घाबरलेल्या कुत्र्याला अजून काय हवं! २०१६ च्या एका अभ्यासात तर ऑडिओबुक लावल्यावर शेल्टरमधली कुत्री संगीतापेक्षाही जास्त शांत पडून राहिली.

आणि गाणी?

लावा, हळू आवाजात आणि सारखी तीच नको. २०१७ मध्ये ग्लासगो युनिव्हर्सिटी आणि स्कॉटिश एसपीसीए ही प्राण्यांसाठी काम करणारी संस्था यांनी बघितलं तर सॉफ्ट रॉक आणि रेगे लावल्यावर कुत्री जास्त रिलॅक्स दिसली. आधीच्या प्रयोगात तेच ते संगीत रोज लावल्यावर काही दिवसांत परिणाम ओसरला होता.

फिरायला नेताना काय सांभाळायचं?

सगळ्यात आधी दार. एक दार पूर्ण लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, मागून कुणी "अरे थांब मीपण येतो" म्हणत असला तरी नाही. बाहेर काढण्याआधी पट्टा तपासा, गळ्यात दोन बोटं जातील इतकाच सैल. भित्री कुत्री उलटं सरकून डोकं सोडवून घेतात, त्यामुळे त्यांना हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि कॉलर (गळ्यातला पट्टा) दोन्हींना लीश, म्हणजे हातात धरायची दोरी, लावतात किंवा ओढल्यावर आवळणारी मार्टिंगेल कॉलर घालतात. लीशचा लूप मनगटातून घालून दोरी तळव्यात धरा, बोटांना गुंडाळू नका, मोठ्या कुत्र्याने झेप घेतली तर बोट मोडतं.

समोरून दुसरं कुत्रं आलं की लांबून वळण घ्या, "भेटू दे की त्यांना" असं कुणी म्हटलं तरी हसून नाही म्हणा. लीशवर समोरासमोर नाकाला नाक लावून भेटणं कुत्र्यांना अवघड जातं, मागे सरायला जागाच नसते.

आणि घाई करू नका हो. व्यायाम म्हणजे किलोमीटर नाहीत, हुंगू द्या त्याला. एकाच खांबाला पाच मिनिटं हुंगत असेल तर पाच मिनिटं उभे राहा. दिवसभर चार भिंतींत असलेल्या कुत्र्याला बाहेरची सगळी बातमी त्या खांबावर मिळते. ऊन असेल तर हाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उन्हात नेऊच नका, आणि जेवल्याजेवल्या कुणालाच पळवू नका.

हातातून सुटलं तर?

मागे पळायचं नाही. आधी शेल्टरला फोन. मग खाली बसा किंवा उलट दिशेने चालायला लागा, बरीच कुत्री पाठलाग केला की पळतात आणि आपण लांब जायला लागलो की मागे येतात. ओरडू नका. आणि घाबरून ते लपवायचा प्रयत्न तर अजिबात करू नका, पहिली काही मिनिटं फार मोलाची असतात.

चावलं तर? लस घेऊन ठेवू का?

रेबीज जिथे आहे तिथे नियमित जाणार असाल तर आधीच घ्या, असं माझं ठाम मत आहे. चावण्याआधी घ्यायच्या लसीसाठी जागतिक आरोग्य संघटना दोन डोस सांगते, पहिला आणि सात दिवसांनी दुसरा. धनुर्वाताचं इंजेक्शनही वेळेत आहे ना बघा.

चावलं, ओरखडा आला किंवा उघड्या जखमेवर चाटलं तर सगळं सोडून आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून, आपल्याला दोन मिनिटं झाली तरी पंधरा झाली असं वाटतं. मग त्याच दिवशी डॉक्टर. आधी लस घेतली असली तरी चावल्यावर परत दोन डोस लागतात, फक्त इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीजचं इंजेक्शन) लागत नाही. हळद, चुना, तिखट काही लावू नका. "छोटंसंच आहे", "त्याला लस दिलेली आहे" असं म्हणून घरी बसू नका, रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं. आणि शेल्टरला सांगा. कुत्र्याचं वाईट होईल म्हणून लोक लपवतात, पण नोंद झाली नाही तर ते कशाला घाबरलं हे कुणालाच कळत नाही आणि पुढच्या माणसालाही तेच होतं.

माझ्या घरी कुत्रा आहे. काही आजार नेईन का त्याला?

नेऊ शकता, काळजी घ्या. पार्व्हो हा व्हायरस फार चिवट असतो, मातीत कित्येक महिने टिकतो आणि हाताला लावायच्या सॅनिटायझरने नीट मरत नाही, त्यामुळे हात साबणानेच धुवायचे. शेल्टरचे बूट वेगळे ठेवा, घरात शिरल्यावर आधी कपडे बदला, मग घरच्याला भेटा, तो दारात कितीही नाचत असला तरी. त्याच्या लसी पूर्ण पाहिजेत. शेल्टरमध्ये आधी धडधाकट कुत्री, मग नवी आलेली, सगळ्यात शेवटी आजारी अशा क्रमाने जायचं, आणि लसी न झालेल्या पिल्लांना कुणी सांगितल्याशिवाय उचलू नका. मला माहितीये पिल्लं दिसली की हात थांबत नाहीत, तरीसुद्धा.

तुमची स्वतःची प्रतिकारशक्ती कमी असेल, केमो वगैरे चालू असेल किंवा तुम्ही प्रेग्नंट असाल तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच या.

घरून काही खायला आणलं तर?

न विचारता नको. कुणाचं पोट बिघडलेलं असतं, कुणाचं ऑपरेशन असतं म्हणून उपाशी ठेवलेलं असतं. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं काहीही कुत्र्यांना विषारी असतं, खिशातसुद्धा ठेवू नका.

अंगावर उड्या मारतं, काय करू?

पाठ फिरवा, गप्प उभे राहा, चारही पाय जमिनीवर टेकले की लगेच लाड. सगळ्या व्हॉलंटिअरनी हेच केलं तरच ते शिकतं. एकाने "मला चालतं हो" म्हटलं की बाकीच्यांची मेहनत पाण्यात.

कपडे?

फुल पँट, बंद बूट. लोंबणारं काही नको, कानातले डूल काढून ठेवा, परफ्यूम नको. मळणारच आहेत.

मुलांना घेऊन येऊ का?

वयाची अट शेल्टरप्रमाणे असते, विचारा. परवानगी असली तरी मूल आणि कुत्रं यांना एक क्षणही एकटं सोडायचं नाही, आणि मोबाइल बघत शेजारी उभं राहणं म्हणजे लक्ष ठेवणं नव्हे.

आठवड्यातून किती वेळ दिला पाहिजे?

जेवढा नक्की जमेल तेवढाच कबूल करा. पहिल्या आठवड्यात रोज आणि मग दोन महिने गायब, यापेक्षा दर शनिवारी एक तास कितीतरी चांगला. कुत्री पावलांचा आवाज ओळखतात. ठरलेल्या वेळी ठरलेलं माणूस येतं हे कळलं की भित्रं कुत्रंसुद्धा जाळीशी येऊन उभं राहायला लागतं, आणि स्टाफलाही तुमच्या भरवशावर कामं लावता येतात.

दिवसभर किंवा रात्रभर बाहेर नेऊन परत केनेलमध्ये सोडायचं, हे क्रूर नाही का?

मलाही असंच वाटायचं, पण अभ्यास वेगळं सांगतो. २०१९ मध्ये संशोधक लिसा गंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पाच शेल्टर्समधली २०७ कुत्री एक-दोन रात्रींसाठी लोकांच्या घरी पाठवली. घरी असताना त्यांचं कॉर्टिसॉल उतरलं आणि त्यांना सलग झोप मिळाली. परत आल्यावर कॉर्टिसॉल आधीच्या पातळीला गेलं, पण त्याच्या वर गेलं नाही. म्हणजे सुट्टीनंतर कुत्रं आधीपेक्षा जास्त ताणात गेलं असं दिसलं नाही. पुढे २०२३ मध्ये त्यांच्याच अभ्यासात दिसलं की थोडा वेळ बाहेर जाऊन आलेल्या कुत्र्यांची दत्तक जायची शक्यता पाचपट होती आणि काही रात्री फॉस्टरमध्ये, म्हणजे कुणाच्या घरी तात्पुरतं, राहिलेल्यांची चौदापटीहून जास्त. कारणं बरीच असतील, पण एक मला सरळ दिसतं, बाहेर जास्त लोक त्याला बघतात आणि परत आल्यावर त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काहीतरी असतं.

दत्तक जायला आपण अजून काय मदत करू शकतो?

लिहून ठेवा. "गोड आहे, खेळकर आहे" याने कुणाचंच काही कळत नाही. "प्लास्टिकच्या पिशवीच्या आवाजाला दचकते, पुरुष बसलेले असतील तर जवळ जाते, उभे असतील तर नाही, कारमध्ये पाच मिनिटांत झोपली, बॉलपेक्षा दोरी आवडते" असं लिहा. हे वाचून एखाद्याला वाटतं, अरे ही आपल्या घरात बसेल. वाईट बाजूही लिहा, नाहीतर ते कुत्रं महिन्याभरात परत येतं. फोटो त्याच्या उंचीवर खाली बसून, नैसर्गिक उजेडात, जाळीच्या बाहेर काढा.

मला तिथे रडू येतं. सगळ्यांना घरी न्यावंसं वाटतं.

येणारच. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि "तू फार हळवी आहेस" म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. पण केनेलमध्ये रडू आलं तर बाहेर जाऊन या, आपला श्वास बदललेला कुत्र्यांना कळतो आणि काही जण त्याने अस्वस्थ होतात. जीव लावलेलं एखादं कुत्रं आजाराने जाईल, एखादं दत्तक जाऊन परत येईल, तेव्हा त्या कुत्र्याला ओळखणाऱ्या दुसऱ्या व्हॉलंटिअरशी बोला, घरच्यांना कितीही सांगितलं तरी तेवढं पोचत नाही. दोन आठवडे सुट्टी लागली तर सांगून घ्या, गुपचूप गायब होऊ नका.

आणि घरी न्यायचंच असेल तर त्याच दिवशी भरून आलंय म्हणून फॉर्म भरू नका. घरातल्या सगळ्यांशी बोला, पुढच्या दहा-बारा वर्षांचं बघा, आणि मग आनंदाने भरा.

तिथे काही चुकीचं दिसलं तर?

आधी कोऑर्डिनेटरला शांतपणे विचारा, बऱ्याचदा कारण असतं. एखादं कुत्रं वेगळं ठेवलंय ते संसर्गामुळे, एखाद्याला पाणी दिलं नाही ते ऑपरेशनमुळे. मारहाण, उपासमार असं खरंच दिसलं तर तारीख-वेळ लिहून ठेवा आणि वरच्या लोकांकडे किंवा प्राण्यांसाठी काम करणाऱ्या यंत्रणेकडे लेखी द्या. नुसता व्हिडिओ व्हायरल करून कुत्र्यांची सुटका होत नाही, कधीकधी शेल्टर बंद पडतं आणि कुत्र्यांना जागाच राहत नाही.

जुन्या वस्तू आणून देऊ का?

विचारून आणा. जुने टॉवेल आणि चादरी बहुतेक सगळीकडे लागतात. कापूस किंवा फोम भरलेल्या उशा शक्यतो नको, फाडून गिळतात आणि मग आतडं अडकतं. खेळणी आणलीत तर डोळे, बटणं, शिट्ट्या आधी काढून टाका. वर्तमानपत्रं कितीही आणा, पिल्लांच्या केनेलमध्ये ती सकाळीच संपतात.